पडदा मुका झाल्यावर : नेरूळच्या एका सोसायटीतली विश्वचषकाची रात्र

आंतरराष्ट्रीय सामना बघताना ऊर भरून येतो, हे कुणाला नव्याने सांगायला नको. तो कशाने भरून येतो, सगळ्यांचा सारखाच भरून येतो का आणि दुसऱ्या दिवशी त्या भरतीचं काय होतं, हे मात्र आपण फारसं तपासत नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला महिला एकदिवसीय विश्वचषकाचा भारत-दक्षिण आफ्रिका अंतिम सामना नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. त्या स्टेडियमपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरच्या एका सोसायटीने तो पटांगणात पडदा लावून पाहिला. मी तिथेच राहते, शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि तेव्हा सोसायटीच्या समितीवर होते. त्या रात्रीच्या आधी, त्या रात्री आणि त्यानंतर जे घडलं ते इथे मांडते आहे. माणसांची आणि सोसायटीची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

सोसायटी आणि तिचा पडदा

चार मजली जुन्या इमारती, लिफ्ट नाही, मधोमध पटांगण. त्या पटांगणाचा निम्मा भाग आता गाड्यांनी व्यापला आहे. राहणारे सातारा-सांगलीकडचे, कोकणातले, बरेच मल्याळी आणि तमिळ, काही तेलुगू, दोन-तीन पंजाबी घरं. नेरूळमध्ये कुठल्याही सेक्टरला हेच चित्र दिसेल. गणपतीची आरती सगळे एकत्र म्हणतात, ओणमची फुलांची रांगोळी त्याच पटांगणात घातली जाते. एरवी मात्र ‘तुमच्याकडचे’ आणि ‘आमच्याकडचे’ चालूच असतं.

पुरुषांच्या मोठ्या सामन्याला इथे भाड्याने पडदा येतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला, अहमदाबादच्या अंतिम सामन्याच्या दिवशी, पटांगण दुपारपासून भरलेलं होतं. ट्रॅव्हिस हेडने १३७ धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून सामना घेतला. हेडचं शतक लागल्यापासून खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या होत्या. शेवटची धाव निघाली तेव्हा पडदेवाला वायरी गुंडाळत होता. जिन्याने वर जाताना लोक म्हणत होते, ‘हरले’. २९ जून २०२४ ला ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बार्बाडोसमध्ये दक्षिण आफ्रिकेवर सात धावांनी विजय मिळाला. तो सामना आम्ही पावसामुळे सोसायटीच्या ऑफिसात टीव्हीवर पाहिला. त्या रात्री तीच माणसं तोच जिना चढताना म्हणत होती, ‘जिंकलो’.

यात इथल्या लोकांचं वेगळं काही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये हेच नोंदवलं होतं. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत, आणि निकाल विचारला की विजयात ते स्वतःला संघात धरून बोलत. दुसऱ्याच्या यशाचं ऊन अंगावर घ्यायची ही ओढ माणसाला असतेच. माझा प्रश्न त्यापुढचा होता. ऊन पडण्याआधीपासून जे तिथे उभे असतात, त्यांचा अभिमान याच जातीचा असतो का?

तीन पराभव बघितलेल्या मुली

आमच्याकडे आठ-दहा मुलींचा एक गट आहे, पाचवी ते दहावीतल्या. पटांगणाच्या उरलेल्या कोपऱ्यात त्या टेनिस बॉलने खेळतात. मुलं आली की बहुतेक वेळा त्यांना बाजूला व्हावं लागतं. या मुलींनी विश्वचषक पहिल्या सामन्यापासून पाहिला, कधी एकीच्या घरी, कधी जिन्यात बसून एका फोनवर.

त्यामुळे ऑक्टोबरमधले ते तीन पराभवही त्यांनी पाहिले. ९ तारखेला विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिका हातातून निसटली. नदीन डी क्लर्क नाबाद ८४ करून गेली. १२ तारखेला तिथेच ऑस्ट्रेलियाने ३३१ धावांचं लक्ष्य गाठलं. १९ तारखेला इंदूरला इंग्लंडविरुद्ध स्मृती मानधना ८८ वर बाद झाली आणि सामना चार धावांनी गेला. त्या रात्री आमच्या जिन्यात एक सातवीतली मुलगी रडत होती. तिचे वडील मला म्हणाले, “मॅडम, तुम्हीच समजवा तिला, खेळच आहे शेवटी.” मी काही समजावलं नाही. ज्याच्यासाठी रडू येतं ते आपलंसं झालेलं असतं, हे तिच्या वडिलांना त्या क्षणी सांगून पटलं नसतं.

२३ ऑक्टोबरला भाऊबीज होती आणि न्यूझीलंडविरुद्धचा सामना आमच्या उशाशी, डी. वाय. पाटीलला होता. साखळी सामन्यांची तिकिटं शंभर रुपयांपासून होती, म्हणून दोन आया आणि मी मिळून मुलींना घेऊन गेलो. प्रतीका रावलच्या १२२ आणि मानधनाच्या १०९ धावा आम्ही प्रत्यक्ष पाहिल्या. भारत उपांत्य फेरीत गेला. परत आल्यावर मुलींनी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि त्यावर स्केचपेनने भारताचा नकाशा काढला. संघातल्या प्रत्येकीचं गाव त्यावर ठिपका देऊन लिहिलं. मोगा हरमनप्रीत कौरचं, आग्रा दीप्ती शर्माचं, सिलीगुडी रिचा घोषचं. सांगलीला मानधनाचा ठिपका जरा मोठाच पडला, कारण पेन ज्या मुलीच्या हातात होतं तिचं आजोळ सांगलीचं. मुंबईत जागा पुरेना. जेमिमा रॉड्रिग्सचं वांद्रे आणि राधा यादवचं कांदिवली समुद्रात लिहावं लागलं.

हा पुठ्ठा पुढे फार कामाचा ठरला.

“बायकांच्या मॅचला कोण येणार?”

३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ केल्या. जेमिमा नाबाद १२७, हरमनप्रीत ८९, आणि भारताने नऊ चेंडू राखून ३४१ केल्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला तोवरचा सर्वात मोठा यशस्वी पाठलाग. स्टेडियमचा आवाज आमच्या खिडक्यांपर्यंत येत होता. सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ज्यावर पाणी आणि पार्किंग यांशिवाय काही येत नाही, त्यावर रात्री निळी बदामं आली.

दुसऱ्या दिवशी मुलींनी समितीकडे पडदा मागितला. अध्यक्ष भला माणूस. त्यांनी विचारलं ते हिशेबाच्या काळजीने विचारलं, “पडदा, प्रोजेक्टर, स्पीकर, खुर्च्या मिळून खर्च बराच होतो. बायकांच्या मॅचला कोण येणार?” सचिवताई म्हणाल्या, “पुरुषांच्या मॅचला तुम्ही हे विचारलं होतंत?” त्यावर बैठकीत शांतता पसरली. शेवटी ठरलं की निम्मा खर्च सोसायटी देईल, निम्मा वर्गणीतून उभा करायचा. म्हणजे पुरुषांच्या सामन्याला जे आपसूक मिळालं होतं ते मुलींनी निम्मं स्वतः कमवायचं. मला ते तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. पण त्या अटीमुळेच मुली दारोदार गेल्या, आणि जाताना तो पुठ्ठा घेऊन गेल्या.

मी काही घरी त्यांच्याबरोबर होते. तेलुगू कुटुंबातल्या आजींनी आधी दार अर्धंच उघडलं. मुलीने पुठ्ठ्यावर कडप्पा दाखवलं, “श्री चरणी इथली आहे आजी.” आजींचं माहेर त्याच बाजूचं. पुठ्ठा आत गेला, टेबलावर ठेवला गेला, आणि वर्गणीबरोबर मुरुक्कूचा डबा बाहेर आला. गेटवरचा वॉचमन बुंदेलखंडातला. त्याला कुणी वर्गणी मागितली नव्हती. मुली गेटवरून जाताना त्याने पुठ्ठ्यावर छतरपूर जिल्ह्यातल्या घुवाऱ्याचा ठिपका पाहिला आणि क्रांती गौडचं नाव मोठ्याने वाचलं. “ये तो हमारे जिले की है,” म्हणाला, आणि खिशातून पन्नासाची नोट काढून दिली. मुलींना घ्यावी की नाही कळेना. मी म्हटलं, घ्या.

मराठी घरांतल्या पुरुषांना वाट सापडली ती प्रशिक्षकामधून. अमोल मुजुमदार. १९८८ मध्ये सचिन आणि कांबळी यांनी शाळेच्या सामन्यात ६६४ धावांची भागीदारी रचली, तेव्हा पॅड बांधून पुढचा फलंदाज म्हणून बसून राहिलेला मुलगा. रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा आणि भारताकडून एकही सामना नाही. ही गोष्ट प्रत्येक काकांना पाठ होती. संघात सोळा गुणी मुली असताना आधी प्रशिक्षक आठवावा याचं मला वाईट वाटलं, पण दार कुठल्याही बाजूने उघडलं तरी माणूस आत येतो, हेही मी त्या आठवड्यात पाहिलं.

पावसाने सरकवलेली संध्याकाळ

रविवारी दुपारी पाऊस आला. तीनचा सामना पाचला सुरू झाला. पडद्यावर प्लॅस्टिक, खुर्च्यांवर पाणी, मुली फडकी घेऊन पुसतायत. या दोन तासांच्या उशिराने एक नवीच अडचण उभी केली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे, सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर, रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. वेळेवर सुरू झालेला सामना साडेदहापर्यंत आटोपला असता. आता तो मध्यरात्रीला टेकणार होता. समितीने ठरवलं, दहाला स्पीकर बंद. तळमजल्यावर महिन्याभराचं बाळ असलेलं घर होतं, त्यामुळे याला कुणी हरकत घेतली नाही.

राष्ट्रगीत झालं तेव्हा पटांगणात तीसेकच माणसं होती: मुली, त्यांच्या आया, काही ज्येष्ठ. गॅलरीत कपडे काढायला आलेल्या बायका हातातले कपडे कठड्यावर ठेवून उभ्या राहिल्या. ही नोंद मी आवर्जून करते, कारण अभिमान राष्ट्रगीताने जागतो असं आपण धरून चालतो. पुढे रात्री ज्यांनी सगळ्यात जास्त जल्लोष केला, त्यांतले बहुसंख्य राष्ट्रगीताला हजरच नव्हते.

मानधना आणि शफाली वर्माने १०४ धावांची सलामी दिली. शफाली मूळ संघात नव्हतीच. बांगलादेशविरुद्ध प्रतीका जायबंदी झाली म्हणून तिला उपांत्य सामन्याआधी बोलावलं होतं. तिने ८७ केल्या, दीप्तीने ५८, रिचाने शेवटी ३४. भारत सात बाद २९८. जेवणं उरकून लोक खाली यायला लागले, आणि आता निळे टी-शर्ट दिसू लागले. साखळीतल्या पराभवांच्या आठवड्यात सोसायटीत मला एकही निळा टी-शर्ट दिसला नव्हता.

दहानंतर

ताझमिन ब्रिट्सला अमनजोत कौरने थेट फेकीवर धावचीत केलं, त्यानंतर थोड्याच वेळात स्पीकर बंद झाला. पहिली काही मिनिटं चमत्कारिक गेली. पडदा चालू, ओठ हलतायत, आवाज नाही. मागच्या रांगेतले दोघे-तिघे उठून घरी टीव्हीपुढे गेले.

मग स्टेडियमचा आवाज ऐकू यायला लागला. आमचं प्रक्षेपण इंटरनेटवरून येत होतं, म्हणून चित्र प्रत्यक्ष खेळाच्या बरंच मागे होतं. स्पीकर चालू असताना तो फरक जाणवला नव्हता. आता महामार्गाच्या बाजूने गर्जना यायची, आणि पडद्यावर गोलंदाज अजून धाव घ्यायला वळतेय. सगळं पटांगण त्या मधल्या सेकंदांत श्वास धरून बसायचं. काय झालं असेल? झेल? धावचीत? आवाज आलाच नाही तर समजायचं की दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्टने चौकार मारला. मुली आवाजावरून अंदाज सांगायला लागल्या आणि बरेचदा ते बरोबर निघायला लागले. खुर्च्या सरकवत लोक पुढे आले. जे घरी गेले होते ते परत आले, कारण घरच्या टीव्हीत हे नव्हतं.

नववीतली एक मुलगी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी, पडद्याच्या बाजूला उभी राहून समालोचन करू लागली. माईक नाही, हळू आवाज, मराठीत. हरमनप्रीतने शफालीच्या हातात चेंडू दिला तेव्हा एक काका म्हणाले, “अगं, ही कुठे बोलर आहे?” ती म्हणाली, “नाही काका, पण आज तिचा दिवस आहे, कॅप्टनला दिसतंय ते.” शफालीने स्वतःच्याच गोलंदाजीवर सुने लुसचा झेल घेतला, मग मारिझान कापला बाद केलं. काकांनी उठून त्या मुलीला आपली खुर्ची दिली. ती बसली नाही.

वोल्वार्टचं शतक लागलं तेव्हा या मुलीने टाळ्या वाजवल्या. निळ्या टी-शर्टातला एक कॉलेजचा मुलगा चिडून म्हणाला, “ए, तू कुणाच्या बाजूने आहेस?” ती गोंधळली. पुढे बसलेल्या निवृत्त तमिळ काकांनीही टाळ्या सुरू केल्या, मग सचिवताईंनी, मग मी. थोड्या वेळाने ती मुलगी शांतपणे म्हणाली, “तिने सेमीफायनलला एकशे एकोणसत्तर मारलेत दादा. अशा टीमला हरवायचंय आपल्याला.” मुलगा गप्प बसला. मला विचाराल तर त्या रात्रीचं सगळ्यात देशभक्त वाक्य ते होतं.

मग बेचाळिसावं षटक. स्टेडियममधून आधी अर्धवट आवाज आला, तो मध्येच थांबला, परत उठला, परत थांबला, आणि मग असा फुटला की कावळे उडाले. आमच्याकडे अजून दीप्ती चेंडू टाकायची होती. ती आली, वोल्वार्टने उंच मारला, अमनजोत पळत आली, चेंडू हातातून उडाला, पुन्हा उडाला, तिसऱ्यांदा हातात राहिला. त्या तुटक आवाजाचा अर्थ तेव्हा सगळ्यांना एकदम उमगला. वोल्वार्ट १०१ वर बाद. मागच्या बाजूला नाचायला सुरुवात झाली.

मुली नाचल्या नाहीत. त्या एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या, कारण खेळपट्टीवर डी क्लर्क होती. विशाखापट्टणमची ती नाबाद ८४ मागे नाचणाऱ्यांपैकी कुणालाच माहीत नव्हती. तीन रांगांच्या अंतरात दोन वेगवेगळे सामने चालू होते. पुढे भीती होती, मागे विजय होऊन गेला होता.

शेवटची विकेट डी क्लर्कचीच. मध्यरात्रीच्या सुमारास गर्जना आली आणि ती थांबलीच नाही, तेव्हा चित्राची वाट कुणी पाहिली नाही. सगळे उभे राहिले, मुली रडत सुटल्या, आणि त्या रडण्यातच पडद्यावर हरमनप्रीतने मागे पळत जाऊन झेल घेतला. दक्षिण आफ्रिका २४६, भारत ५२ धावांनी विजयी, दीप्ती पाच बळी. २००५ च्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून, २०१७ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडकडून नऊ धावांनी झालेला पराभव, आणि आता हे, आमच्या नेरूळमध्ये. प्रतीका चाकाच्या खुर्चीत मैदानावर आली. मिताली राज आणि झूलन गोस्वामी या माजी खेळाडूंच्या हातात संघाने चषक दिला. माझ्या शेजारी बसलेल्या मावशी लग्नाआधी जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळायच्या, हे मला त्या रात्री कळलं. त्या म्हणाल्या, “ह्यांना कुणी तरी खेळू दिलं गं.” पुढे काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. तळमजल्यावरचं बाळ दचकून उठलं आणि त्याचे वडील बाहेर आले. भांडण होता होता राहिलं.

मला यातून जे दिसतं

पटांगणात त्या रात्री एकच अभिमान होता असं म्हणणं चुकीचं होईल. मागच्या रांगांतला अभिमान खोटा नव्हता. डोळ्यांत पाणी तिथेही होतं. पण तो निकालावर उभा होता. वोल्वार्ट टिकून राहिली असती तर त्या रांगा २०२३ सारख्याच रिकाम्या झाल्या असत्या, असं मला वाटतं. पुढच्या रांगेतल्या मुली पराभवानंतरही पडद्यासमोर राहिल्या असत्या. त्यांनी ते ऑक्टोबरमध्ये तीनदा करून दाखवलं होतं.

हा फरक वयाचा किंवा बाई-पुरुषाचा नाही. माहितीचा आणि सहवासाचा आहे. मुलींना डी क्लर्क माहीत होती म्हणून त्या घाबरल्या, आणि घाबरल्या म्हणून त्यांना विजयाचं मोल दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त कळलं. वोल्वार्टला टाळ्या देणं त्यांना जमलं तेही त्यामुळेच. जिला समोरच्या संघाची ताकद ठाऊक आहे, तिला त्याचा द्वेष करायची गरज पडत नाही. देशाचा अभिमान आणि परक्याचा तिरस्कार हे जोडीनेच येतात असं मानणाऱ्यांनी ती रांग पाहायला हवी होती.

दुसरी गोष्ट पुठ्ठ्याची. ‘भारत’ म्हटल्यावर सोसायटीतल्या वर्गणीच्या वह्या उघडल्या नव्हत्या. कडप्पा, घुवारा, सांगली म्हटल्यावर उघडल्या. आपलं गाव दिसलं की माणूस बाकीचे ठिपकेही वाचतो. तेलुगू आजींनी त्या दिवशी मला विचारलं, “हे सिलीगुडी कुठे आलं?” वॉचमनने मोगा शोधलं. गावाचा अभिमान देशाच्या आड येतो अशी भीती आपल्याकडे अधूनमधून घातली जाते. इथे तरी गावाच्या ठिपक्यावरूनच लोक देशापर्यंत पोचले.

आणि तिसरी, जिची मी अजिबात अपेक्षा केली नव्हती: स्पीकर बंद झाल्याने बिघडण्याऐवजी सगळं जुळून आलं. आवाज होता तोवर आम्ही प्रत्येक जण पडद्याशी एकेकटे जोडलेले होतो. तो गेल्यावर अंदाज बांधायला, समजावायला, विचारायला एकमेकांची गरज पडली. पुढच्या वेळी स्पीकर मुद्दाम लहान ठेवा, असं मी समितीला सुचवलं आहे.

त्यानंतरचे दिवस

सकाळी पटांगणात कागदी झेंडे पडलेले होते. खेळाच्या प्रसंगी कागदी झेंडा हातात धरायला ध्वजसंहितेची परवानगी आहे, पण नंतर तो जमिनीवर टाकायचा नाही, हेही तीच सांगते. मुलींनी शाळेत जायच्या आधी सगळे गोळा करून माझ्याकडे आणून दिले. झेंडे वाटणाऱ्यांनी ते परत गोळा करायचीही सोय करावी, एवढं मी इतर सोसायट्यांना कळकळीने सांगेन.

त्याच आठवड्यात मुलींचा लेखी अर्ज आला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते सात पटांगण आम्हाला मिळावं, आणि तेवढ्या वेळापुरत्या आठ गाड्या बाहेरच्या रस्त्यावर लावाव्यात. हा अर्ज म्हणजे या प्रकरणाचा खरा उत्तरार्ध. त्या रात्री नाचलेल्यांपैकी दोघांनी गाडी हलवायला सरळ नकार दिला. एकाचं म्हणणं, बाहेर लावली तर टोइंगवाले उचलतात, आणि ते खोटं नाही. दुसऱ्याचं म्हणणं, “पोरी दोन आठवडे खेळतील आणि कंटाळतील.” ज्या कॉलेजच्या मुलाने टाळ्यांवरून त्या मुलीला टोकलं होतं, त्याने वडिलांच्या मागे लागून आपली गाडी पहिल्याच दिवशी हलवली.

बऱ्याच वादानंतर दोन दिवस आणि पाच गाड्या एवढं मिळालं. पहिल्या आठवड्यात पंधरा-सोळा मुली आल्या, शेजारच्या सोसायट्यांतल्याही. सहामाही परीक्षेनंतर सहा-सात उरल्या, त्या मात्र नियमित येतात. एकीला घरच्यांनी सीझन बॉलच्या प्रशिक्षणाला घातलं आहे. कबड्डीवाल्या मावशी शनिवारी स्वतःहून खाली येतात आणि मुलींना वॉर्म-अप करायला लावतात. तिसऱ्या मजल्यावरची एक काच फुटली, तिचे पैसे वर्गणीतून उरलेल्या रकमेतून दिले.

जून-जुलै २०२६ मध्ये इंग्लंडला महिलांचा ट्वेंटी-२० विश्वचषक आहे, अंतिम सामना लॉर्ड्सवर. समितीने उपांत्य आणि अंतिम सामन्यांना, भारत त्यात असेल तर, पूर्ण खर्च सोसायटीच्या खात्यातून मंजूर केला, वर्गणी नाही. मुलींनी त्यावर दुसरा अर्ज दिला आहे. त्यांना भारताचे साखळी सामनेही पडद्यावर हवे आहेत, हरण्याची शक्यता असलेले धरून. जूनमधला पाऊस आणि रात्री दहाची मर्यादा पाहता ते ऑफिसच्या खोलीतच शक्य होईल, आणि त्या खोलीत पंचवीसच माणसं मावतात. अर्ज पुढच्या बैठकीत येणार आहे. मी त्यावर सही केली आहे.